अलिप्ततेची कैफियत

निवडणूक जवळ आली की सुशिक्षितांच्या बैठकीत एक कैफियत हटकून ऐकू येते, आणि ती मांडणारे गृहस्थ आळशी किंवा बेपर्वा असतात असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. उलट वर्तमानपत्रातला अग्रलेख शेवटपर्यंत वाचणारी, अर्थसंकल्पावर अधिकारवाणीने बोलू शकणारी, घरपट्टी मुदतीत भरणारी आणि लाच देण्याघेण्यापासून कटाक्षाने दूर राहणारी अशीच ही माणसे बहुधा असतात. त्यांचे म्हणणे असे की, एका पक्षाची अर्थनीती मान्य होण्याजोगी आहे, पण त्याचे धर्मकारण सोसवत नाही. दुसऱ्याचे धर्मकारण बरे, पण त्याची घराणेशाही पाहून मान खाली जाते. तिसऱ्यापाशी तत्त्वे आहेत पण माणसे नाहीत. आणि चौथा उद्या सकाळी कोणाच्या पंक्तीला बसलेला असेल, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. अशा स्थितीत कोणत्याही चिन्हासमोरचे बटण दाबणे म्हणजे जे पटत नाही त्याखाली आपली सही ठोकून देणे होय, आणि सदसद्विवेक शाबूत असलेल्या माणसाने अशी खोटी सही करू नये. म्हणून आम्ही मतदानाला जात नाही, आणि हे न जाणे हीच आमची राजकीय भूमिका आहे.

ही कैफियत नामंजूर व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती नामंजूर करण्यासाठी जी कारणे दिली जातात ती इतकी भुसभुशीत असतात की, त्यांच्यावर विसंबण्यापेक्षा प्रतिपक्षालाच शरण गेलेले बरे. मतदान हे पवित्र कर्तव्य आहे, असे फलकांवरून आणि नटनट्यांच्या शाई लावलेल्या बोटांवरून दर पाच वर्षांनी सांगण्यात येते; पण 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने निर्वाचनविषयक अधिकाराची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मत न देण्याचा अधिकारही अंतर्भूत आहे, तेव्हा कर्तव्याचा धाक घालणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. दुसरे कारण गणिताचे. 2024 साली मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात लोकसभेचा निकाल अवघ्या 48 मतांनी लागला, आणि त्याच मतदारसंघात ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला, मिळालेली मते पंधरा हजारांच्या वर होती, 2008 साली राजस्थानात नाथद्वारा येथे तर विधानसभेची एक जागा एका मताने गेली. हे आकडे खरे आहेत आणि चित्तवेधकही आहेत, पण असा योग हजारांत एखाद्याच मतदारसंघाच्या वाट्याला येतो, आणि ज्याला सांख्यिकीची थोडी जाण आहे तो हसून म्हणेल की, माझ्या मताने निकाल फिरण्यापेक्षा केंद्रावर जाताना मला रिक्षाने ठोकरण्याचा संभव अधिक आहे. त्याचे हसणे रास्त आहे. म्हणून हा वाद गणिताच्या मैदानावर न लढता त्याच्या मुळाशीच गेले पाहिजे.

मूळ चूक ‘सही’ या कल्पनेत आहे. मतदानकक्षात आपण बटण दाबतो तेव्हा शेजारच्या यंत्रातल्या काचेमागे एक चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खालच्या पेटीत पडते. त्या चिठ्ठीवर उमेदवाराचा अनुक्रमांक, त्याचे नाव आणि त्याचे चिन्ह एवढाच मजकूर असतो. मतदाराने हे का केले, आनंदाने केले की नाक मुरडून केले, जाहीरनाम्यातले कोणते कलम त्याला मान्य होते आणि कोणते वाचून त्याचे डोके उठले होते, यासाठी तिथे एका अक्षराचीही जागा ठेवलेली नाही, आणि ती ठेवलेली नाही हे फार शहाणपणाचे आहे. राज्यघटनेने मतदाराला त्याचे विचार विचारलेलेच नाहीत. जे कोणी उभे आहेत त्यांच्यापैकी कोणाच्या हाती पाच वर्षे दप्तर द्यावे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणाच्या हातून ते काढून घ्यावे, एवढाच मर्यादित सवाल त्याच्यासमोर ठेवलेला असतो. आपल्या गैरहजेरीत जमिनीचा दावा चालवण्यासाठी आपण एखाद्याला मुखत्यारपत्र लिहून देतो, तेव्हा त्याच्या देवधर्माशी, त्याच्या साहित्यिक अभिरुचीशी किंवा त्याच्या सोयरिकींशी आपण सहमत असल्याचे प्रतिज्ञेवर सांगत नाही. आणि कोणीच मुखत्यार मनासारखा मिळत नाही म्हणून दावा लावारिस सोडणाऱ्याच्या विरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, तर त्याच्या सदसद्विवेकाचे कौतुक करायला कोर्टातला शिपाईसुद्धा थांबत नाही.

विचार आणि मत यांचे नाते किती सैल असू शकते आणि ते तसे असूनही विचाराचे कसे भले होते, याचे गोव्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे आठवत नाही. 16 जानेवारी 1967 रोजी तिथे जो जनमत कौल झाला, त्यात मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते: महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असेल तर फूल, आणि संघप्रदेश म्हणून राहायचे असेल तर दोन पाने. आता ज्या गोमंतकीयाला या दोहोंपैकी काहीच नको होते, ज्याला गोवा हे पूर्ण अधिकार असलेले घटक राज्य व्हावे असे वाटत होते, त्याच्या मताला त्या कागदावर जागाच नव्हती. दिल्लीच्या नायब राज्यपालाखाली नांदणारा संघप्रदेश ही त्याच्या दृष्टीने अर्धीमुर्धी, किंबहुना मानहानीची व्यवस्था होती. आमच्या कैफियतदारांच्या न्यायाने त्याने त्या दिवशी घरीच बसायला हवे होते. कौल 1,72,191 विरुद्ध 1,38,170 असा लागला, म्हणजे फरक 34,021 मतांचा. घटक राज्याचे स्वप्न पाहणारे जर तत्त्वनिष्ठेने घरी राहिले असते, तर पारडे कुठे झुकले असते हे सांगायला ज्योतिषी नको. विलीनीकरण एकदा झाले असते की स्वतंत्र राज्याचा प्रश्न कायमचा मिटला असता. दोन पानांवर शिक्का पडल्यामुळे तो जिवंत राहिला, आणि 30 मे 1987 रोजी, वीस वर्षांनी, गोवा घटक राज्य झाले. महाराष्ट्रातल्या अनेकांना तो कौल बोचला, हा भाग निराळा. इथे मुद्दा मतदाराच्या शहाणपणाचा आहे. आणि ते शहाणपण एवढ्यावर थांबले नाही. कौलानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा ज्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे आद्य उद्दिष्टच विलीनीकरण होते आणि ज्याचे ते उद्दिष्ट मतदारांनी नुकतेच धुडकावले होते, त्याच पक्षाला आणि त्याचे पुढारी भाऊसाहेब बांदोडकर यांना त्यांनी पुन्हा सत्तेवर बसवले. कूळ, शाळा आणि बहुजनांचा मानसन्मान यांसाठी कारभारी म्हणून भाऊसाहेब हवे होते. विलीनीकरण नको होते. आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या करण्याची अक्कल ज्यांना होती, त्यांपैकी कित्येकांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नसेल.

कैफियतदार यावर म्हणतील की, बहिष्कारालाही या देशात थोर परंपरा आहे. आहे खरी. मॉंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार नोव्हेंबर 1920 मध्ये झालेल्या कौन्सिलांच्या निवडणुकांवर काँग्रेसने बहिष्कार घातला. टिळकांनी त्याच वर्षीच्या एप्रिलात काँग्रेस डेमोक्रॅटिक पार्टीचा जाहीरनामा काढून त्या निवडणुका लढवण्याचा मनसुबा जाहीर केला होता, पण ऑगस्टमध्ये ते गेले आणि वारे पालटले. तो बहिष्कार जाहीर होता, संघटित होता, त्याच्यामागे तुरुंगात जाण्याची तयारी होती. आरामखुर्चीतल्या अलिप्ततेशी त्याची तुलना करणे हाच त्याचा अवमान होय. आणि तरीही त्या रिकाम्या सोडलेल्या सभागृहात काय घडले ते पाहावे. ज्या मुंबई कौन्सिलाला तमाम राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी निरर्थक बाहुल्यांचे घर ठरवले होते, त्याच कौन्सिलात 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला की, सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले करावेत, आणि तो मंजूर झाला. त्याच्या आधारे महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तो ठराव कागदावरच कुजत पडला होता म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. सत्याग्रहींच्या हाती कायदेशीर हक्काचा जो कागद होता, तो त्या उपेक्षित कौन्सिलाच्या दप्तरातून आलेला होता. बोल्यांना ते सभागृह आपल्या विचारांचे प्रतिनिधित्व करते असे वाटत होते काय? मुळीच नाही, मूठभर करदात्यांच्या मतांवर उभे राहिलेले आणि गव्हर्नराच्या नकाराधिकाराखाली वाकलेले ते सभागृह होते. त्यातून जेवढे निघण्याजोगे होते तेवढे त्यांनी काढले.

आता उलट बाजूचा, आणि मला विचाराल तर मराठी राजकारणातला सर्वांत कडवट, दाखला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, 1952 साली, मुंबई शहर उत्तर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन निरनिराळ्या उमेदवारांना द्यायची असत. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे आंबेडकर उभे होते, समाजवाद्यांतर्फे अशोक मेहता होते, कम्युनिस्टांतर्फे डांगे होते. आपल्या पक्षाला एक मत द्या आणि दुसरे कुजवा, असा प्रचार त्या वेळी झाल्याचा आरोप पुढे आंबेडकर आणि मेहता यांनी संयुक्त निवडणूक याचिकेत केला. ती फेटाळली गेली, परंतु त्या मतदारसंघात 74,333 मते मोजणीत धरलीच गेली नाहीत, हा आकडा त्या याचिकेच्या संदर्भात आजही सांगितला जातो. आंबेडकरांचा पराभव झाला तो काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकरांकडून, साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी. बाद झालेली सगळी मते त्यांनाच पडली असती असा दावा मी करीत नाही. परंतु ‘जो पुरता माझा नाही त्याला माझे मत नाही’ हे सोवळे जेव्हा हजारो हातांनी एकाच दिवशी पाळले जाते तेव्हा काय होते, हे पाहायचे असेल तर ते इथे दिसते: घटनेचा मसुदा ज्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला, तो पुरुष त्या घटनेनुसार निवडलेल्या पहिल्या लोकसभेच्या बाहेर राहिला. कुजवलेल्या मताने काँग्रेसचा पराभव झाला नाही, समाजवादाचे काही भले झाले नाही, आणि कुजवणाऱ्यांचा पक्षही त्या जागेवर निवडून आला नाही.

त्याच मुंबईने पाच वर्षांनी हिशेब चुकता केला, हेही सांगितले पाहिजे. 1957 साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली डांगे, एस. एम. जोशी, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, फेडरेशनचे कार्यकर्ते आणि हिंदुत्ववादीसुद्धा एकत्र आले. या मंडळींचे परस्परांशी इतर कोणत्याही प्रश्नावर पटत नसे. माळकरी कामगाराने कम्युनिस्टाच्या चिन्हाला मत दिले, आणि ते देताना त्याची तुळशीची माळ तुटली नाही. मुंबईसह महाराष्ट्र 1 मे 1960 रोजी झाला तो ज्या पक्षाला त्याने पाडले त्याच पक्षाच्या सरकारकडून.

यानंतर प्रतिपक्षाचा जो आक्षेप उरतो तो मात्र गंभीर आहे, आणि गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातच त्याला पुरावा मिळालेला आहे. मत एकाला द्यावे आणि सरकार भलत्याचेच यावे, असे 2019 च्या नोव्हेंबरात घडले; जून 2022 मध्ये एक पक्ष फुटला, जुलै 2023 मध्ये दुसरा; ज्या चिन्हाला मत दिले ते एकीकडे आणि ज्या नेत्याला पाहून दिले तो दुसरीकडे, अशी विटंबना मतदाराने उघड्या डोळ्यांनी पाहिली. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आहे, पण अपात्रतेचा फैसला सभागृहाच्या अध्यक्षाच्या हाती, आणि अध्यक्ष बहुधा बहुमताचा; तेव्हा अशा खेळात आम्ही प्यादी म्हणून का उतरावे, हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण मुखत्याराने दगा दिला तर त्याची मुखत्यारी रद्द करायची की मिळकतच सोडून द्यायची? फुटणाऱ्याला न्यायालयाचे भय नव्हते, अध्यक्षाचे नव्हते, जनलज्जेचेही फारसे नव्हते. पुढच्या मतदानाच्या तारखेचे तेवढे होते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातल्या 48 पैकी 30 जागा एका आघाडीला आणि 17 दुसरीला मिळाल्या, आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला त्याच मतदारांनी पारडे नेमके उलट फिरवले. या दोन्ही निकालांपैकी कोणता योग्य होता, यावर घराघरात भांडणे झाली. परंतु जे घरी बसले त्यांच्या संतापाची या दोहोंपैकी एकाही निकालात नोंद झाली नाही. फुटलेल्या पक्षाला त्यांच्या रागाचा जेवढा फायदा झाला तेवढा त्याच्या मित्रांच्या प्रेमाचाही झाला नसेल.

राग नोंदवण्याची सोय आता आहे, असे कोणी सुचवील, आणि ते खरे आहे. पूर्वी 1961 च्या निवडणूक नियमांतील 49-ओ या नियमान्वये मतदानास नकार देणाऱ्याला केंद्राध्यक्षासमोर, पोलिंग एजंटांच्या डोळ्यांदेखत तसे सांगावे लागे आणि 17-अ नोंदवहीत शेऱ्यापुढे सही करावी लागे. गावातल्या माणसाने तसे करणे म्हणजे वैर विकत घेणे होते. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2013 रोजी अशा नकाराचीही गुप्तता राखण्याचा हुकूम दिला आणि ‘नोटा’चे बटण आले. 2019 साली लातूर ग्रामीणमध्ये त्याला 27,500 मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. 2024 साली इंदूरमध्ये दोन लाखांवर गेले. दोन्ही ठिकाणी पहिल्या क्रमांकाचा उमेदवार बिनघोर निवडून आला, कारण संसद आणि विधानसभांच्या निवडणुकीत या बटणाला दात दिलेले नाहीत. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला की, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास ती जागा पुन्हा निवडणुकीस लावावी, दुसऱ्या खेपेसही तसेच झाले तर पुढचा उमेदवार विजयी. एवढी सोय उपलब्ध असताना जो गृहस्थ कोणीच पसंत नाही म्हणून घरी बसतो, त्याला आपली नापसंती सांगण्याचा तरी कितपत उत्साह आहे, याची मला शंका येते. मी स्वतः ‘नोटा’चा पुरस्कर्ता नाही, पण घरी बसण्यापुढे ते बटण निश्चितच प्रतिष्ठेचे आहे.

घरी बसलेला माणूस कसा दिसतो, हे पाहायचे तर कार्यकर्त्याच्या हातातली यादी पाहावी. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरावीक अंतरावर टेबल टाकून बसलेला तो पोरगा स्लिपा वाटता वाटता प्रत्येक नावापुढे खूण करीत असतो, आणि दुपारी चार वाजता त्याला ठाऊक असते की कोणत्या इमारतीतून कोण उतरले आहे आणि कोण उतरलेले नाही. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. मग नगरसेवकाच्या कचेरीत ज्या वस्तीतून मते निघतात तिचे गटार आधी उपसले जाते, आणि ज्या सोसायटीतून निघत नाहीत तिचा अर्ज, कितीही शुद्ध भाषेत टंकलेला असला तरी, खालच्या खणात जातो. यात भ्रष्टाचार असेलच असे नाही. तो साधा हिशेब आहे. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात, जंगल तुडवीत केंद्र गाठावे लागते आणि बंदुकीचे भय असते तिथे, 2024 साली सत्तर टक्क्यांहून अधिक मतदान झाले. दक्षिण मुंबईत, जिथे केंद्र चालण्याच्या अंतरावर असते, ते पन्नासाच्या आसपास घोटाळले. गडचिरोलीच्या माडिया-गोंडांचे विचार कोणत्या पक्षात हुबेहूब उमटलेले आहेत, हे कैफियतदारांनी मला अवश्य सांगावे.

आणि मताविना शहर कसे चालते याचाही अनुभव आपण नुकताच घेतला. मार्च 2022 मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली, आरक्षण आणि प्रभागरचनेच्या दाव्यांत निवडणूक अडकली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. अनेक महापालिकांची गत तीच होती. नगरसेवक म्हणजे सद्गुणांचे पुतळे होते असे कोणीच म्हणणार नाही, पण त्या काळात रस्ता खोदून ठेवला तर कोणाच्या दारात जाऊन आवाज चढवायचा, हा प्रश्न मतदान करणाऱ्यांना पडला तसाच न करणाऱ्यांनाही पडला.

एका प्रसंगी मात्र मी मतदान न करणाऱ्यांच्या बाजूने उभा राहीन. रस्ता नाही, पूल नाही, उन्हाळ्यात टँकर नाही, म्हणून एखादे गाव ग्रामसभेत ठराव करून, तहसीलदाराला निवेदन देऊन, सबंध गावाने बहिष्कार घालते, तेव्हा ते गाव राजकारणच करीत असते. त्याची मागणी एका ओळीत सांगता येते, आणि ती पुरी झाली की पुढच्या खेपेस ते गाव मतदानाला येते. अधिकारी जीप घेऊन समजूत घालायला धावतात, ते उगीच नाही. आमच्या कैफियतदारांच्या अलिप्ततेचा ठराव कोणत्या सभेत झाला, निवेदन कोणाला दिले, आणि मागणी कोणती, हे विचारले तर उत्तर मिळत नाही.

तेव्हा ज्यांना एकही पक्ष पसंत नाही त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, आपले नाव यादीत आहे की वगळले गेले आहे ते आजच पाहून घ्यावे. नसेल तर नमुना 6 भरून द्यावा. सगळेच पक्ष सारखे नालायक वाटत असतील तर दहा सूचक जमवून अपक्ष उभे राहण्याची वाट कायद्याने खुली ठेवलेली आहे. विधानसभेसाठी अनामत दहा हजार रुपये, आणि एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते मिळाली तर ती परतही मिळते. तेवढी उमेद नसेल, तर जे उभे आहेत त्यांच्यापैकी कोणाचा पराभव तुम्हाला अधिक हवा आहे ते ठरवावे, आणि सायंकाळी सहा वाजण्याच्या आत केंद्रावर हजर व्हावे.